बापांनी पुढं यावं

आप्पांना आंघोळ घालून, कपडे चढवून, रिक्षात बसवून चर्चला न्यायचं म्हणजे रविवारची सगळी सकाळ जाते. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली आणि आईही गेली, तेव्हापासून ते आमच्याकडं सांगलीत असतात. मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशिनरी बघतो. रात्रपाळी करून आलो की डोळे उघडत नाहीत. बायको म्हणते, "अहो, एखादा रविवार राहू द्या की." पण आप्पा उजाडल्यापासून दाराकडं बघत बसलेले असतात. मग उठावं लागतं.

आप्पांची सगळी नोकरी पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेच्या स्वयंपाकघरात झाली. आवाराच्या मागं आमची खोली होती. पोरांच्या नाश्त्यासाठी ते अंधारात बाहेर पडायचे आणि जेवणाची भांडी घासून झाली की परत यायचे. आम्हा भावंडांना ते भेटायचे ते रात्री रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या वेळी, तेही कांद्याचा आणि धुराचा वास घेऊन. सगळी रोझरी संपली, आता उठायचं, असं वाटलं की ते म्हणायचे, "अजून एक 'आमच्या बापा' म्हणा. बापांसाठी."

झोपेनं आमच्या माना लवंडत असायच्या. एकदा बहीण वैतागून म्हणाली, "कुठल्या बापांसाठी, आप्पा?"

"पोरं शाळंत सोडून जात्यात त्या," आप्पा म्हणाले. "आज एकजण गाडीच्या मागं उभा राहून रडत हुता. लय मोठी गाडी. पोराला दिसू नये म्हणून मागं गेलता."

मला त्याचा राग यायचा. आमचा बाप आम्हाला दिवसा कधी दिसत नाही, आणि आम्ही मात्र गाडीवाल्यांच्या बापपणासाठी गुडघे टेकायचे. पण आप्पांसमोर तसं बोलायची कुणाची छाती नव्हती.

पुढं मी आयटीआय करून सांगलीला आलो, लग्न झालं. बरीच वर्षं मूल नव्हतं. मग दिवस राहिले, आणि सातव्या महिन्यात मिरजेच्या दवाखान्यात मुलगी झाली. मुठीएवढं तोंड, काळेभोर केस. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हाच मला कळलं. तिथली एक नर्स केरळची होती, आमच्याच धर्माची. बायकोच्या गळ्यातला क्रूस बघून तिनं हळूच विचारलं, "पाणी घालू?" मी मानेनंच हो म्हटलं. तिनं नाव विचारलं, मी सांगितलं. तिनं बाळाच्या कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला. संध्याकाळी मुलगी गेली.

आप्पा तेव्हा धडधाकट होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आले. एका ओळखीच्या सुतारानं छोटी पेटी करून दिली होती. दफनभूमीकडं जाताना रिक्षात ती आप्पांनी मांडीवर घेतली. मी हात पुढं केला तर म्हणाले, "तू गप बस. मी धरतो." वाटेत रस्ता उखडलेला होता. प्रत्येक खड्ड्याला ते पेटी थोडी वर उचलून धरत होते.

त्यानंतर त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. आप्पा नाही, मी नाही, बायकोही माझ्यासमोर नाही. कामावर नवा माणूस आला की विचारतो, "मुलं किती?" मी "नाहीत" म्हणतो. खरं सांगायला गेलं की समोरच्याचं तोंड उतरतं, मग त्यालाच धीर द्यावा लागतो. तेवढी ताकद रोज कुठून आणायची?

आमचं चर्च लहान आहे. दवाखान्यातल्या नर्सेस, दोन-चार निवृत्त फौजी, आमच्यासारखी काही घरं. जूनमध्ये फादर्स डेच्या रविवारी मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या शेवटी फादर सगळ्या बापांना वेदीपुढं बोलावतात, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. दर वर्षी त्या वेळेला मी फोन आल्यासारखं करून बाहेर जायचो आणि गुलमोहराखाली उभा राहायचो. बायको आत बसून राहायची. तिनं कधी काही विचारलं नाही.

यंदा बाहेर जाता आलं नाही. नवीन फादर म्हणाले, "बापांनी पुढं यावं," आणि आप्पांनी डाव्या हातानं माझी बाही धरली. त्यांची चाकाची खुर्ची ढकलायला मीच होतो. रात्रपाळीनं अंग नुसतं ठणकत होतं. म्हटलं, सोडू त्यांना पुढं आणि उभं राहू मागं.

फादर खाली वाकले, त्यांनी आप्पांच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडं बघून हसून म्हणाले, "आणि तुम्ही? मुलं आहेत ना?"

"नाहीत, फादर," मी सवयीनं म्हणालो.

"हाय," आप्पा म्हणाले.

आजारपणानंतर त्यांचं बोलणं जड झालंय. घरात पाणी मागितलं तरी दोनदा विचारावं लागतं. पण हे पार शेवटच्या बाकापर्यंत गेलं. "पोरगी हाय ह्येला."

फादरांनी बाकांकडं नजर टाकली. लेक कुठं बसलीय ते शोधत असावेत. मला सांगावं लागलं. "ती गेली, फादर. जन्मली त्याच दिवशी."

ते गोंधळले. तरुण आहेत, इथं येऊन महिनाही झाला नव्हता. मागं रांग थांबली होती. मग म्हणाले, "नाव काय तिचं?" मी सांगितलं. चर्चमध्ये ते नाव मोठ्यानं मी पहिल्यांदाच उच्चारलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळी प्रार्थना पहिल्यापासून म्हटली, माझ्या लेकीचं नाव घालून. मला रडू वगैरे आलं नाही. मी आप्पांची खुर्ची वळवून बाकाकडं नेली.

बाहेर आलो. एका म्हाताऱ्या फौजीनं चहाचा कप हातात दिला आणि माझ्या शेजारी उभं राहून स्वतःचा चहा प्यायला.

परत येताना रिक्षात आप्पांना डुलकी लागली. बायकोनं पदरानं त्यांच्या तोंडाची लाळ पुसली आणि बाहेर बघत म्हणाली, "आप्पा 'होती' नाही म्हणाले. 'हाय' म्हणाले."

मी म्हणालो, "ऐकलं मी."

"मला वाटायचं, तुम्ही विसरला असाल."

"तू मला कधी विचारलं नाहीस."

"तुम्ही बाहेर जायचा ना," ती म्हणाली. एवढंच. मग वाटेतला पूल येईपर्यंत ती रडली, आणि मी तिचा हात धरून बसलो. रिक्षावाल्यानं रेडिओचा आवाज कमी केला.

घरी आलो तर आप्पांचे कपडे ओले झाले होते. त्यांना उचलून पुन्हा मोरीत नेलं, पाणी तापवलं, पाठ चोळली. त्यांना सकाळचं काही आठवत होतं की नाही कोण जाणे. मी विचारलं, "आप्पा, तुम्हाला तिची आठवण येते?" ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "पाणी लय गरम हाय रं." मी बादलीत गार पाणी ओतलं. संध्याकाळी परत पाळी होती. बायको म्हणाली, "तुम्ही पडा जरा, त्यांना मी भरवते," आणि मी तसाच ओल्या बनियनमध्येच खाटेवर आडवा झालो.