आल्त्येच्या खिडकीतलं शेवाळ

शेवाळ खाणाऱ्या माशावरून हार्म आणि त्याचा धाकटा भाऊ वुबो एकदा कडकडून भांडले होते. हार्मच्या बायकोने, आल्त्येने, ते भांडी घासता घासता ऐकलं होतं. एक म्हणत होता, "आज बोटाएवढा आहे, उद्या हातभर होईल." दुसरा म्हणाला, "तूही झालास की. म्हणून आईने टाकलं का तुला?" पण मासा कोणता आणि कोण कोणाला म्हणालं, एवढंच नेमकं तिच्या डोक्यातून निसटलं.

पुढे तीस वर्षांनी हार्म गेला. पुढच्या खिडकीत त्याची माशांची पेटी राहिली आणि तिच्या काचेवर शेवाळ चढलं. ग्रोनिंगेनकडच्या त्या गल्लीत दिवसा खिडकीवर पडदा नसतो. जाणारा-येणारा आत बघून हात हलवतो. आता सगळ्यांना नुसतं हिरवं दिसू लागलं. वुबो म्हणाला, "वहिनी, ईस्टरपर्यंत काच निवळली नाही तर पेटी मी नेतो. लोक मला विचारतात." सकाळी "उठा आता" म्हणायला आल्त्येला घरात त्या माशांवाचून होतं कोण?

शेजारच्या ग्रीतने सांगितलं, काचेला तोंडाने चिकटणारा मासा घे, तो शेवाळ खातो. टपालवाला म्हणाला, तो नको, काळ्या पट्ट्याचा सयामी घे. मात्र पट्टा पार शेपटीच्या टोकापर्यंत हवा, अलीकडे थांबला तर तोतया समज. आल्त्ये दुकानात चष्मा लावून शेपट्या बघत बसली. मासे काही थांबेनात. लग्नाआधी हार्मलाही तिने इतकं निरखलं नव्हतं.

शेवटी दुकानदार सीबोल्टलाच दया आली. "आजी, तुमची पेटी एवढीशी. चिकट्या हातभर वाढतो, सयामी वीतभर. तुम्ही ओटो जातीचे घ्या, दोन पेरांएवढेच राहतात. पण सहा घ्या, एकटा झुरतो. आणि काच साफ झाली की झुकिनीची चकती टाका, नाहीतर उपाशी मरतील."

"म्हणजे शेवाळ खायला आणायचे, आणि वर भाजीही मीच वाढायची?"

"हो. आणि शेवाळ वाढवणारं ऊन काही ते खात नाहीत. दुपारी पडदा ओढत जा."

इथे ती अडली. त्या गल्लीत दिवसा पडदा ओढतात तो घरात कोणी गेलं की. तिने शेवटचा ओढला होता तो हार्मसाठी. मासे आणले, दोन दिवस घालमेलीत घालवले आणि तिसऱ्या दिवशी दोन वाजता डोळे मिटून पडदा ओढला. पाच मिनिटांत ग्रीत सूपचं पातेलं घेऊन दारात हजर, डोळे भरलेले. दार आल्त्येनेच उघडलेलं पाहून ती चक्रावली.

"मग गेलंय कोण?"

"कोणी नाही गं. मासे जेवतायत. सूप आणलंयस तर ठेव."

ईस्टरला वुबो आला. वाकून स्वच्छ काच बघितली आणि म्हणाला, "हार्मला मी हेच सांगत होतो." की हार्म त्याला सांगत होता? आल्त्येला काही केल्या आठवेना. तिने कॉफीबरोबर एकाऐवजी दोन बिस्किटं दिली. पेटी राहिली.

पुढची चार वर्षं गल्ली तिच्या पडद्यावरून घड्याळ लावायची, दोनला बंद, चारला उघडा. तिच्या शेवटच्या गुरुवारीही ती बाजारातून कोवळी झुकिनी घेऊन आली. चकती तरंगू नये म्हणून काट्याला टोचून पाण्यात सोडली. मासे मोजले, पाच की सहा याचा रोजच्यासारखा घोळ झाला. दोन वाजले, तसा तिने पडदा ओढला.