पंजाची काडी

मला राग आला की मी विनोदी दिसतो, असं आमच्या घरातल्यांचं मत आहे. नाक लाल होतं, आवाज बारीक होतो, आणि तरातरा घराबाहेर पडण्यासाठी मी चपला शोधायला लागतो. गेल्या हिवाळ्यात मात्र पायात घालायच्या वस्तूंवरच रागावलो होतो, म्हणून अनवाणीच निघालो. जिन्यात खडा टोचला, परत आलो. बायको आत जाऊन हसली असणार.

राग होता आबांच्या बुटांवर. आबा म्हणजे माझे वडील. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, देवगाव रंगारीला एकटे राहतात. शेत बटईनं दिलंय, तरी रोज बांधावरून एक फेरी मारल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. थंडीपुरते ते आमच्याकडे आले ते एका अटीवर: होळीला आपल्या घरी.

आबांचे पाय पुढून पसरट. अंगठा एकीकडं, करंगळी दुसरीकडं, आणि मधल्या बोटांत खडू बसेल एवढी फट. मी मास्तर, मला खडूच सुचणार. सकाळी आमच्या कॉलनीच्या बागेत सगळे पांढरे बूट घालून गोल गोल फिरतात. त्यांच्यात आबा झिजलेल्या वहाणांत, आणि गवत लागलं की वहाणा हातात. एके दिवशी शेजाऱ्यानं मला हळूच विचारलं, की वडिलांना बूट नाहीत का. एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पस्तीस वर्षं शहरात राहून मी हीच काय ती अक्कल कमावली होती.

आबा दुकानात यायला तयार होईनात. मग मी गावाकडची युक्ती काढली. खराट्याची काडी त्यांच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरली, मोडली, खिशात घातली आणि औरंगपुऱ्याच्या बाजारात गेलो. दुकानदारानं काडी बुटात सरकवली. बरोबर बसली. "काडी बसली म्हणजे पाय बसला, सर," तो म्हणाला. निमुळत्या तोंडाचे, जाड मऊ तळाचे ते पांढरे बूट घेऊन मी असा घरी आलो, जसा काही श्रावणबाळच.

आबा म्हणाले, "लई भारी हायेत."

पंधरा दिवसांत त्यांची चाल बदलली. वळताना झोकांडी जायची, जिना उतरताना हात भिंतीवर. मला वाटलं, शहराची सवय नाही. मग एका सकाळी बागेच्या फाटकापाशी, एवढ्याशा पायरीवर, ते पडले. मनगटाला प्लास्टर. डॉक्टरांनी फोटो पाहिला, आबांचं वय विचारलं आणि सांगितलं, की या वयात तोल जायचाच, एकटं सोडू नका. पायाकडं त्यांनी पाहिलं नाही. मीही मान अशी डोलावली, की जणू मलाच कुणी शाबासकी देत होतं.

वैजापूरहून थोरल्या भावाचा फोन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं: आता देवगाव बंद, घराला कुलूप घाल. मी बरं म्हणालो. आबा सोफ्यावर बसून ऐकत होते. त्यानंतर त्यांनी होळी कधी आहे, हे विचारणं सोडून दिलं. आठ दिवस ते त्याच सोफ्यावर बसून राहिले, पायात बूट, कारण मी सांगितलं होतं की फरशी गार असते.

प्लास्टरमुळं त्यांना मोजे काढता येत नव्हते. एका सकाळी बायकोनं काढले आणि मला हाक मारली. बोटं एकमेकांवर चढलेली, करंगळीला फोड, अंगठ्याचं नख काळंनिळं. मी विचारलं, सांगितलं का नाही.

"तू एकच काडी नेली ना," आबा म्हणाले. "आपला वहाणा करणारा दोन काड्या घेतो. एक लांबीची, एक पंजाची, आडवी. तुला लांबीच म्हाईत."

"मग तेव्हाच बोलायचं ना, आबा."

"हौसेनं आणले तू. लोकांम्होरं तुला बरं वाटत व्हतं."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. बूट त्यांच्यासाठी नव्हते, शेजाऱ्यासाठी होते, हे ते पहिल्या दिवसापासून जाणत होते आणि तरी घालत होते. अनवाणी जिन्यात गेलो तो तेव्हाच.

परत आलो तर आबा फरशीवर उभे. फोडाला हळद लावलेली. बोटं हळूहळू पसरली, फरशीला चिकटली, आणि त्यांनी एक पाय उचलला. बायको हात पुढं करून तयारीत होती. ती वेळच आली नाही.

"बोटं भुई धरत्यात," ते म्हणाले. "ती कोंडली की म्या बुजगावणं. तू राह्य बरं उभा."

मी एका पायावर उभा राहिलो. तीन आकडे मोजायच्या आत कपाट धरलं. खरं तर दहा वर्षं मी पँटसुद्धा कपाट धरूनच घालतो, आणि या घरात तोल गेलेला माणूस म्हणून आम्ही आबांना बसवून ठेवलं होतं.

मी भावाला फोन लावला. आवाज बारीक झाला होता, तो हसला, त्यानं आणखी चिडलो. आबा होळीला देवगावला जाणार, म्हणालो. पडले तर जबाबदार कोण, त्यानं विचारलं.

"मीच," मी म्हणालो. "मागच्या वेळीही मीच होतो."

डॉक्टरांकडं प्लास्टर काढायला गेलो तेव्हा आबांचे पाय मुद्दाम टेबलावर ठेवायला लावले. डॉक्टरांनी पाहिले, मग घड्याळ पाहिलं. तो राग अजून माझ्याकडं शिल्लक आहे.

होळीच्या आदल्या दिवशी आम्ही देवगावला पोचलो. पिशवी ओट्यावर टाकून आबा थेट शेतात. बांधाच्या एका अंगाला गव्हाला पाणी दिलेलं, माती निसरडी. ते वहाणा हातात घेऊन पुढं, मी माझ्या शाळेच्या चकचकीत बुटांत मागं. दहा पावलांवर मी घसरलो आणि गुडघ्यापर्यंत गव्हात गेलो.

आबा थांबले, पण वळले नाहीत.

"उठ," ते म्हणाले. "अन् घरी गेल्यावर तुझ्या पायाच्या काड्या मोड. दोन मोड."