कुमुद शांत बसली तेव्हा

कुमुद आज पुन्हा जेवताना पेंगली. घास गालातच राहिला. मी बोट घालून काढला. तेव्हापासून मनातून जातच नाही, या औषधाने माझ्या मुलीचा चंचलपणा चालला आहे की मुलगीच?

आठ वर्षांची आहे. पाणी आणायला धाडली तर कळशी विहिरीवर आणि ही कुणाच्या तरी गोठ्यात वासराशी बोलत. पाटी रोज हरवते. पण स्टँडवर गाडी आली की कुठली ते घरातूनच हॉर्नवरून सांगते. जळगाव जामोदच्या शाळेतल्या तिच्या विमलबाई तिला गणितं उभ्यानेच सोडवू देतात. "बसवली की चुकते हो, उभी असली की बरोबर करते," म्हणतात.

सासूबाई मात्र म्हणायच्या, "पोरगी हाय का भिंगरी?"

शेवटी आम्ही दोघी तिला खामगावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तिथे नेमकी ती गुमान बसली. नवी जागा, भिंतीवर सांगाड्याचं चित्र. डॉक्टरांनी जीभ पाहिली, छाती तपासली. मी सांगायला तोंड उघडते तोच सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, हिले एका जागी बसवा बाप्पा." डॉक्टरांनी झोप आणणारं औषध लिहून दिलं. शाळेत कशी असते, कशात रमते, काही विचारलं नाही. पुढचा पेशंट दारात उभाच होता. "शांत राहिली तर महिनाभर चालू ठेवा."

राहिली शांत. येणारेजाणारे कौतुक करू लागले.

परवा भुलाबाईची गाणी आमच्या अंगणात होती. गाणी संपली की झाकलेल्या डब्यातली खिरापत मुलींनी ओळखायची. दरवर्षी डबा हलतो न हलतो तोच कुमुद ओरडते आणि बाकीच्या चिडतात, "कुमदे, तू चूप राह्य ना व!" यंदा मी डबा हलवला. "शेव!" "फुटाणे!" गलका झाला. कुमुद भिंतीला टेकून बसलेली. मी मुद्दाम तिच्या कानाशी डबा नेऊन हलवला.

"आई, तूच सांग ना," ती म्हणाली.

आज सासूबाईंजवळ औषधाचा विषय काढला.

"काऊन बंद कराचं? आता कुठं पोरीसारखी वागून राह्यली."

"वागत नाही हो, झोपते आहे ती."

"डाक्टरपेक्षा तुले जास्त समजते? कालेजात गेली म्हून?"

औषधातलं मला काही समजत नाही. कुमुदमधलं समजतं, विमलबाईंना समजतं, आणि डॉक्टरांपर्यंत त्यातलं काहीच पोचलेलं नाही. आपल्या मनाने औषध तोडायची भीती वाटते. महिना संपायची वाट पाहणंही होणार नाही.

सकाळी पोस्ट उघडलं की खामगावला ट्रंक कॉल लावणार आहे. डॉक्टर घाईत असतील, रागावतीलही. मी सांगेन, मुलगी दिवसभर गुंगीत आहे. औषध कसं कमी करायचं ते आत्ताच सांगा, आणि रविवारी मी तिच्या बाईंना घेऊन येते, आधी त्यांचं ऐकून घ्या. सासूबाई दारातच विचारतील, कुठं चालली. फोन कराले, म्हणेन.