शेवट विचारणारे सुभेदार

कादंबरी हातात घेतली की सुभेदार ती उघडून बघत नसत. मागचा मजकूर वाचत नसत, लेखकाचं नावही बघत नसत. पुस्तक माझ्या टेबलावर ठेवत, सरळ उभे राहत आणि विचारत, "मॅडम, ह्यात शेवटाला कोन मरतंय का?"

मी तेव्हा आष्ट्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं तेव्हा मला हसू आलं. मी म्हटलं, "तात्या, इथली सगळी पुस्तकं मी थोडीच वाचलीत?" ते हसले नाहीत. "मग वाचा की. हलवाई पेढा चाखल्याबिगर इकतो व्हय?"

उंचीला बेताचे, पण ताठपणामुळे उंच वाटणारे. पांढरा सदरा, कडक इस्त्रीची विजार आणि काखेत कापडी पिशवी. वाचनालयात कुणी चपला काढत नसे, पण ते पायरीखाली जोडीनं काढून ठेवत. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, आणि आष्ट्याबाहेरच्या वस्तीवर उसाची शेती बघत होते. सगळं गाव त्यांना सुभेदार तात्या म्हणे.

खरं तर आमची ओळख आधी त्यांच्या बायकोशी होती. हौसाक्का बाजाराच्या दिवशी यायच्या. पिशवीत वर मेथी-कोथिंबीर आणि खाली मागच्या वेळच्या कादंबऱ्या. त्या पुस्तकांना मेथीचा वास लागलेला असे. नवरा सीमेवर आणि घरात सासू, अशा वर्षांत त्यांना वाचनाची गोडी लागली होती. त्यांना जुनं नको असायचं. "जुनं मला ठाव हाय. आता लोकं कशी जगत्यात ते दे," म्हणायच्या. नव्या कादंबऱ्या, मासिकं, दिवाळी अंक आले की पहिला हात त्यांचा. मग त्यांचं येणं बंद झालं, आणि एका सकाळी त्यांचं कार्ड घेऊन हे समोर उभे राहिले. "मंडळींचं पुस्तक बदलायचं हाय," म्हणाले.

हौसाक्कांना लकवा मारला होता. उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. सांगलीच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि सांगितलं, त्यांच्याशी बोलत राहा, कानावर शब्द पडले पाहिजेत.

"आता बोलायचं काय?" सुभेदार मला म्हणाले. "फौजेत हुतो तवा पत्रात खुशाली लिवायची. घरी आलो तर उसाचं पाणी, खताची पोती. तेवढंच बोलणं. म्हटलं, आपल्याजवळ शब्द न्हाईत, तर हिच्या पुस्तकातलं वाचून दावावं."

कुणी मरतं का, हे ते का विचारत ते मला तेव्हा कळलं. त्या घरात मरणाचं नाव निघू नये म्हणून ते दारातच पहारा देत होते.

त्यांच्यामुळे मला वाचावं लागलं. तोवर मी पुस्तकं फक्त देत-घेत होते. आता नवं आलेलं प्रत्येक पुस्तक घरी नेऊ लागले. कूकरच्या शिट्ट्या मोजत पानं उलटायची आणि दुसऱ्या दिवशी सुभेदारांना सांगायचं, हे न्या, हे नको. बरंच काही 'नको'तच जाई. हल्लीच्या लेखकांना माणसं मारायची भारी हौस, अशी तात्यांची तक्रार असे.

जी पुस्तकं नेत, त्यांच्याशीही त्यांचं फारसं जमत नसे. एकदा एक कादंबरी परत करताना म्हणाले, "ह्याची मागली पानं गळाल्यात." मी बघितलं, पानं शाबूत होती. "मग गोष्ट मधीच का थांबलीया?" मी सांगितलं, आजकाल पुष्कळ लेखक शेवट वाचकावर सोपवतात. त्यावर त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजे अर्धी ड्यूटी ह्यानं करायची आनि उरल्याली आमी. बरं हाय." दुसऱ्या एका पुस्तकातला तरुण नायक पुण्यातल्या खोलीत बसून खिडकीतून बाहेर बघत विचार करत राहतो. त्याच्याविषयी म्हणाले, "पोरगं लय हुशार हाय. पन ह्याला कुनीतरी उसाला पाणी पाजायला लावा. मंडळींस्नी आवडलं, म्हनून मी काय बोलत न्हाई."

त्या पावसाळ्यात सुभेदार दोन-तीन आठवडे आलेच नाहीत. तापानं पडलेत असं कळलं, म्हणून मी एका रविवारी नवं मासिक घेऊन वस्तीवर गेले. घर साधं, पुढं ओसरीसारखा सोपा. सोप्यात कॉटवर हौसाक्का उशीला टेकून बसल्या होत्या. तोंडाची एक बाजू उतरलेली, पण डोळे पहिल्यासारखेच. एकुलती लेक सांगलीला सासरी, म्हणून भावकीतली एक बाई सकाळी येऊन स्वयंपाक करून जायची. बाकीचं सगळं सुभेदारच बघत.

मी दिलेलं मासिक त्यांनी लगेच उघडलं. घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि परेडवर हुकूम द्यावा तसं वाचायला लागले. स्वल्पविराम आला की क्षणभर थांबायचे, पूर्णविराम आला की जरा जास्त. ती कथा मी आदल्या रात्रीच वाचली होती. मुलगा मुंबईहून पोचायच्या आत आई इस्पितळात मरते, अशी होती. त्यांना सावध करायला हवं होतं, पण ते सुरू झालेच होते. मी कानात प्राण आणून बसले.

इस्पितळाचा प्रसंग आला तशी त्यांची नजर पुढच्या ओळींवरून सरकली. आवाज जरासा अडखळला. मग ते वाचू लागले, "डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आता काळजीचं कारण नाही. आणि आई बरी झाली, आणि दुसऱ्या दिवशी यष्टीनं घरला आली. आल्यावर म्हनली, म्हशीला वैरण टाकली का?"

मासिक मिटून त्यांनी हौसाक्कांकडं बघितलं. त्या अर्ध्या तोंडानं हसल्या. "चांगली हुती," सुभेदार म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

ते आत गेल्यावर हौसाक्कांनी डाव्या हातानं मला जवळ बोलावलं. त्यांची वाचा थोडी परत येत होती. एकेक शब्द त्या उचलून आणल्यासारखा आणत.

"मेली," त्या म्हणाल्या. "आई. व्हय न्हवं?"

मी मान हलवली. "तुम्हाला कसं कळलं?"

"बुकातली मानसं... यष्टी... म्हनत न्हाईत." पुन्हा तेच हसू. मग म्हणाल्या, "दर टायमाला... आसंच. समदी जगत्यात."

"मग त्यांना सांगत का नाही?"

त्या आतल्या चुलीच्या आवाजाकडं कान लावून होत्या. "त्यास्नी भ्या वाटतंय," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मी अधूनमधून जात राहिले. दिवाळीच्या सुमाराला हौसाक्का बऱ्यापैकी बोलू लागल्या होत्या, पण अंग उतरत चाललं होतं. डॉक्टर आता सुभेदारांना बाजूला घेऊन बोलत. बाहेर येऊन सुभेदार म्हणत, "डॉक्टर म्हनले, प्रोग्रेस हाय." हौसाक्का ऐकून घेत. एका दुपारी तात्या उसाला पाणी द्यायची पाळी म्हणून शेतात गेले असताना त्यांनी मला काम सांगितलं.

"बायकू मरती असं एक पुस्तक दे."

मी म्हटलं, "ते नेतानाच विचारतील."

"शेवटाला मरंल असं देऊ नगं. ते बदलत्यात. मधी मरंल असं दे. मग त्यास्नी फुडचं वाचायला लागंल." दम खाऊन म्हणाल्या, "मी गेल्यावर कसं हुयाचं, ह्ये मला त्यांच्यासंगं बोलायचं हाय. तोंड उघडलं की ते उठून जात्यात. वाचताना तरी उठत न्हाईत."

तसं एक पुस्तक नुकतंच आलं होतं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस आणि त्याची बायको. निम्मं पुस्तक होतं तोच बायको जाते, आणि उरलेल्या निम्म्यात तो एकटा राहायला शिकतो. मी ते टेबलावर काढून ठेवलं. सुभेदार आले, पुस्तक बघितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "शेवटी कुणी मरत नाही, तात्या." हे खरं होतं. तरी ते म्हणताना मला त्यांच्याकडं बघवलं नाही. मी खाली बघून नोंद करत बसले.

पुढचे काही दिवस मन थाऱ्यावर नव्हतं. मग ते आले. पुस्तक टेबलावर ठेवलं. पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले.

"तुमी खोटं बोलला न्हाईसा," म्हणाले. "शेवटाला कोन मरत न्हाई. मधी मरती."

मी परतीची नोंद करायला रजिस्टर ओढलं.

"मंडळींनीच सांगितलं आसंल. तुमचं काय न्हाई त्यात." मग हळूहळू सांगू लागले. ते पान आलं तेव्हा नेहमीप्रमाणं बदलायला गेले, आणि पुढची पानं चाळली तर सगळीकडं तो एकटाच. कुठवर बदलणार? तेव्हा हौसाक्का म्हणाल्या, "वाचा. जसं हाय तसं वाचा."

"वाचलं," सुभेदार म्हणाले. "त्यातला गडी बायकू गेल्यावर खानावळीत जातो. रोज तिथलं बेचव खातो. मंडळी म्हनल्या, तुमी असं खानावळीत जाऊ नगासा. मी म्हटलं, मग काय करू? म्हनल्या, उद्यापास्नं भाकरी शिका." खिशातून रुमाल काढून त्यांनी चेहरा पुसला. "मॅडम, इतक्या वर्सांत आमी असं कवा बोललो न्हवतो. उजाडलं तरी बोलतच हुतो."

मग ते भाकरी शिकले. सोप्यात कॉटच्या शेजारीच परात मांडली. हौसाक्का उशीला टेकून हुकूम सोडायच्या आणि सुभेदार मांडी घालून ते पाळायचे. पाणी कडत पायजे. पीठ बोटानं नगं, तळव्यानं मळा. थापताना दाबू नगा, फिरवा. मला येऊन सांगत, "पयल्या भाकरीचा भारताचा नकाशा झाला. खाली श्रीलंकाबी पडली." हौसाक्का म्हणाल्या होत्या, नकाशा असू दे, पण फुगली पाहिजे. ज्या दिवशी ती फुगली, त्या दिवशी ते ती फडक्यात गुंडाळून वाचनालयात घेऊन आले. अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली मुलं मान वर करून बघत होती. मी तिथंच टेबलावर ती खाल्ली. कडेला जरा कच्ची होती.

वाचनही चालूच होतं. आता ते जसं आहे तसं वाचत. माझ्याकडं येऊन पुस्तक विचारण्याची पद्धतही बदलली. "मागं ऱ्हायल्याली मानसं काय करत्यात, असलं काय हाय का?" म्हणायचे. असं बरंच होतं. आधी मी ते सगळं 'नको'त टाकलेलं.

हौसाक्का पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. भेटायला गेले तेव्हा सुभेदार सोप्यात बसलेले होते. माणसं येत होती, जात होती. त्यांनी प्रत्येकाला पाणी विचारलं. माझ्याजवळ एवढंच म्हणाले, "अर्धं पुस्तक ऱ्हायलंय. पुरं करून आनून देतो." आणि दिलं.

नंतर मी साताऱ्याला आले. नवऱ्याची नोकरी इकडं, आणि मलाही इथल्या एका वाचनालयात काम मिळालं. सुभेदार फोन करत. एखादं नवं मासिक आवडलं की त्यातली गोष्ट सांगत, परेडच्या आवाजात.

गेल्या हिवाळ्यात त्यांची लेक सुनंदा हिचा फोन आला. ती सांगलीत असते. सकाळी बांधावर फिरून आले, सोप्यात बसले आणि बसल्या जागीच गेले, म्हणाली. शेजाऱ्यांनी कळवलं. ती आणि तिचा नवरा दुपारी पोचले. सगळं झाल्यावर संध्याकाळी स्वयंपाकघरात गेली, तर दुरडीत फडक्याखाली भाकरी झाकून ठेवलेल्या. सकाळीच थापलेल्या. भावकीतल्या बायका म्हणाल्या, ह्या घरात ठेवू नकोस, टाकून दे.

"मला टाकवंनात, ताई," सुनंदा म्हणाली. "मी चुलीपाशी बसून खाल्ल्या. बाबांच्या हातची भाकरी मी कधी खाल्लीच नव्हती. गार झालेल्या, पण मऊ होत्या. अगदी आईच्यासारख्या."