आज्जीची चोरून चाललेली शिकवणी

कपाळावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या नातलगांनो, आज तरी माझं लक्षात ठेवा. मी सांगतेय, नात मैथिली मान खाली घालून टाइप करतेय.

नव्या नातसुनेला ना मराठी येतं, ना कन्नड. तिच्याशी बोलावं म्हणून मी महिनाभर मैथिलीकडे गुपचूप इंग्रजी शिकले. ‘शी’ कुठे, ‘हर’ कुठे, रोज चुकायचे.

आज माझ्या सुनेच्या फोनमधून माझाच आवाज आला, “आय लाइक शी!” मैथिलीनेच तो शिकवताना रेकॉर्ड करून आपल्या या ग्रुपवर टाकलेला.

“गंमत गं आज्जी!”

“अय्यो, माझ्या चुका मी तुझ्या एकटीजवळ ठेवल्या होत्या.”

हसलात ना? तुम्हाला इंग्रजी येतं, तरी नातसुनेशी किती बोलता?

रविवारी ती येतेय. मी चुकतमाकत बोलणारच. हसलेल्यांनी तिच्यासाठी कुरकुरीत कोडबळी पाठवा, तिखट कमी घालून.