नकार द्यायला दोघांना जेवायला बोलावलं

अंतराळवीरांच्या प्रमुखाचं काम काय असतं, हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं. देशाच्या सगळ्या अंतराळवीरांवर एक वरिष्ठ माणूस असतो. कुणी सराव करायचा, कुणी तयार राहायचं आणि शेवटी यानात कुणी बसायचं, हे तो ठरवतो. आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी हे इतकं रंगवून सांगितलं, की मला ते काम फारच आवडलं. मग सर म्हणाले, "चला, हे आता तू कर."

मुंबईत अंतराळविज्ञानाचं शिबिर होतं आणि आमच्या भिवंडीच्या कॉलेजला एकच जागा मिळाली होती. अर्ज तिघांचे आले होते. माझं तेवढं धाडस झालं नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथवर पोचले हेच मला पुष्कळ वाटायचं.

सरांनी तिघांना पुठ्ठ्याची दुर्बीण बनवायला दिली. मी नुसतं बघायचं आणि एकाला निवडायचं. "हुशार कोण ते बघू नकोस," सर म्हणाले. "यानातल्या एवढ्याशा जागेत ज्याच्याबरोबर राहता येईल, तो शोध."

तिघांत एक शाळेतल्या शिक्षकाची मुलगी होती. तिला सगळ्यात जास्त येत होतं, पण ती दुसऱ्याच्या हातातलं भिंग काढून घ्यायची. राहनाळचा मुलगा मजेशीर होता. कंटाळा आला की चहाला पसार. निजामपुऱ्यातल्या मुलाच्या घरी कापड विणायचे लूम होते. भिंग बसेना तरी तो चिडला नाही. पुन्हा पुन्हा सगळ्यांना विचारत, हसत राहिला. मी त्याला निवडलं.

"आता बाकीच्या दोघांना तोंडावर सांग," सर म्हणाले. "प्रमुखाचं खरं काम तेच."

मला ते कुठून जमणार? घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "उपाशी पोटी कोनाला न्हाय म्हनू नको. घरी बोलाव त्यांना."

आमच्या अंजूर गावात स्थळ नाकारायचं असलं, तरी पाहुणे जेवल्याशिवाय कुणी विषय काढत नाही. म्हणून रविवारी मी त्या दोघांना जेवायला बोलावलं. आईने कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या. शिक्षकाची मुलगी मासे खात नाही म्हणून तिला वाल.

दोघं हसतच आले. "जागा दोन झाल्या वाटतं!" राहनाळवाला म्हणाला. "त्याला बिचाऱ्याला बोलावलंच न्हाय."

"मी तर बाबांना बॅग काढून ठेवायला सांगितलीय," ती म्हणाली.

मी नुसती वाढत राहिले.

एवढ्यात रिक्षा थांबली आणि निजामपुऱ्याचा मुलगा दारात आला. जेवणाची बातमी त्याला लागली होती. चेहरा उतरलेला, तरी तो हसण्याचा प्रयत्न करत होता. "टेन्शन नको. मुझे नहीं लिया ना? मी फक्त या दोघांना मुबारक बोलायला आलो."

"तूच चाललायस," मी एकदम म्हणाले.

राहनाळवाल्याचा घास हातातच राहिला. "मंग आमाला कशाला जेवाला घातलंस?"

"म्हणूनच."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. आईने त्याच्या पाठीवर थोपटलं.

शिक्षकाची मुलगी मात्र हसली नाही. "मला त्याच्यापेक्षा जास्त येतं."

"हो. येतं."

"मग?"

मला वाटलं, आता ही माझ्याशी कधीच बोलणार नाही. तरी सांगितलं, "तू कुणाच्या हातात काही ठेवत नाहीस गं."

ती ताटाकडे बघत राहिली. मग डोळे पुसून ती निजामपुऱ्याच्या मुलाकडे वळली. "ग्रहणं कशी लागतात, ते तरी येतं का तुला?"

"थोडं थोडं."

"थोडं थोडं म्हणजे काय? कॉलेजचं नाव घालवशील!"

तो जेवत होता तेव्हाही तिचे प्रश्न थांबले नाहीत. संध्याकाळी तिघं एकाच रिक्षात बसले. प्रमुख म्हणून दोन शब्द बोलावेत असं मला वाटत होतं, पण माझ्याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती.

"अरे यार, मी नाही जात, तूच जा!" आतून तो ओरडला.

"गप बस," ती म्हणाली. "शनीच्या कड्यांचं सांग."