देवदूत रंगवलेलं दार

ये, अशी जवळ ये. त्या बाजूला नको, उजवा कान माझ्याकडे कर. आल्यापासून कोटसुद्धा काढला नाहीस. आईचं घर म्हणजे काय बसस्टॉप आहे का गं? बस. तुझ्या डाव्या कानाची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे.

ऐंशीच्या दशकातली शिकागोची थंडी. तू एवढीशी. मेंदूज्वर झाला तुला. डॉक्टर म्हणाले, "वुई हॅव टू वेट." बाबा तुझ्या उशाशी बसले आणि मला घरी पाठवलं, जरा अंग टेक म्हणून. कसलं अंग टेकतेय! देव्हाऱ्यासमोर बसले आणि रडत सुटले. खालच्या मजल्यावरच्या ग्रीक आजींनी माझं रडणं ऐकलं. वर आल्या, दंडाला धरून म्हणाल्या, "कम, कोरी मू." कोरी मू म्हणजे पोरी माझ्या. तेवढं ग्रीक मला येत होतं.

त्यांचं चर्च कोपऱ्यावरच. दारात मी बूट काढले. आत सगळं सोनेरी. घुमटातून येशू खाली बघतोय, आणि पुढे गाभाऱ्याला आडवी नुसती चित्रांची भिंत. सावळे, लांबट चेहरे आणि डोळे केवढे! आपण देवीला चांदीचे बसवतो ना, तसे. ही चित्रं बायझंटाईन राजांच्या काळी काढत तशीच आजही काढायची, आपल्या मनाचं काही घालायचं नाही, असं आजी सांगायच्या. त्यांनी मेणबत्ती वाळूत खोचली, मेरीच्या चित्राला ओठ लावले. मीही लावले. काच गार होती, आणि तिच्यावर कुणाकुणाच्या ओठांचे ठसे.

आता नमस्कार झाला की प्रदक्षिणा, नाही का? भिंतीच्या कडेला एक दार दिसलं, त्यावर पंखवाला देवदूत रंगवलेला. मला वाटलं, इथूनच सुरुवात. ढकललं.

"नो! नो!" काळ्या झग्यातले दाढीवाले पाद्री हात पसरून आडवे आले. त्या भिंतीमागे बाईमाणसानं जायचं नसतं. मला कुठे ठाऊक? मला एवढंच कळलं, की प्रदक्षिणा अडली आणि तू तिकडे त्या पलंगावर. मी मटकन खालीच बसले. बोट गरगर फिरवत म्हणत राहिले, "राउंड! फॉर माय डॉटर, राउंड!"

आजींनी पाद्रींना ग्रीकमध्ये काहीतरी सुनावलं आणि माझे बूट घेऊन आल्या. "वुई गो राउंड टू. गुड फ्रायडे. बट आउटसाइड! शूज, क्रेझी गर्ल, शूज!"

गुडघाभर बर्फ. चर्चला बाहेरून वळसा घालत पुढे त्या काठी टेकत, मागे मी. त्यांचं काही पुटपुटणं चालू होतं. मला एक स्तोत्र आठवेना. "ठेव तिला, ठेव तिला," एवढंच. आणि नवस बोलून बसले, "पोर हाती लागली तर तिला इथे आणीन, तुझ्याभोवती चालवीन."

तू राहिलीस. कान गेला.

आणि तुला न्यायचं म्हटलं की आधी तू अशक्त, मग शाळा, मग कॉलेज, मग "आई, प्लीज, इट्स वियर्ड!" आजी गेल्या. मी एकटी जाते, पण आता गुडघे ऐकत नाहीत. मागच्या खेपेला मागच्या भिंतीशीच थांबले, पुढे पाऊल उचलेना. तशीच परत फिरले, अर्ध्यातून.

जा, तुझी फ्लाइट चुकेल. पण लवकर ये गं. बर्फ पडायच्या आत ये, आणि येताना चालायचे बूट घालून ये.